सिलतरा परिसरातील उघड्या जमिनीसाठी चिनी गुलाब : लागवड व निगा

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत सिलतरा हे औद्योगिक विकास केंद्र वसलेले आहे. धरसींवा तालुक्यातील या पट्ट्यात स्पंज आयर्न व पोलादाचे कारखाने दाटीने उभे आहेत. लोहखनिज, कोळसा व डोलोमाइट यांची अखंड ने-आण आणि अवजड वाहनांची वर्दळ यांमुळे रस्त्याकडेच्या जमिनीवर काळसर-तांबूस धुळीचा थर सतत साचत असतो. कारखान्यांना पर्यावरण मंजुरी देताना एकूण क्षेत्राच्या ठरावीक भागावर हरितपट्टा राखण्याची अट सर्वसाधारणपणे घातली जाते. त्यानुसार वृक्षांची रोपे लावली जातात. परंतु त्यांचा पर्णसंभार मिटून सावली पडेपर्यंत तीन-चार वर्षे जातात. तोपर्यंत दोन रोपांमधील जमीन उघडीच राहते. त्यावर बसलेली धूळ उन्हाळ्यातील प्रत्येक वावटळीसरशी पुन्हा उठते, आणि पावसाळ्यात त्याच जागेवर गाजरगवत माजते.

ही मधली जमीन झाकण्यासाठी जी थोडी झाडे उपयोगी पडतात, त्यांत चिनी गुलाब या मांसल पानांच्या, जमिनीलगत पसरणाऱ्या फुलझाडाचा विचार अवश्य करावा. हे झाड वृक्षांची जागा घेत नाही, तसेच हवेतील धूर किंवा वायू शोषून परिसर स्वच्छ करील, अशी अपेक्षाही त्याच्याकडून ठेवू नये. जमिनीवर एकदा बसलेली धूळ जागच्या जागी धरून ठेवणे आणि उघड्या मातीवरील ऊन अडविणे एवढेच त्याचे काम. पण ते काम फेब्रुवारी ते जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे ऐन धुळीच्या दिवसांत, ते चोख बजावते. पूर्व विदर्भातील गोंदिया, भंडारा व चंद्रपूर जिल्ह्यांतील हवामान छत्तीसगडच्या मैदानाशी बरेच जुळते आणि चंद्रपूरच्या औद्योगिक पट्ट्यातील अडचणीही याच जातीच्या आहेत. त्यामुळे पुढील माहिती तेथील कृषी सहायकांना व रोपवाटिकाधारकांनाही लागू पडावी.

ओळख आणि नातलग

चिनी गुलाबाचे शास्त्रीय नाव पोर्तुलाका ग्रँडिफ्लोरा. मराठीत त्याला ‘ऑफिस टाइम’ असेही म्हणतात, तर हिंदी भाषक त्याला ‘नौबजिया’ म्हणून ओळखतात. नावात चीन असला तरी झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील, म्हणजे अर्जेंटिना, उरुग्वे व दक्षिण ब्राझील या प्रदेशांतील आहे. जॉन गिलिस यांना ते अर्जेंटिनातील मेंडोझा परिसरात आढळले आणि 1829 मध्ये विल्यम हूकर यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पोर्तुलाका या नावाचा पोर्तुगालशीही संबंध नाही. लॅटिन भाषेतील ‘लहान दार’ या अर्थाच्या शब्दावरून ते आले असे मानले जाते. या झाडाचे बोंड पिकले की डबीचे झाकण निघावे तसा त्याचा वरचा अर्धा भाग सुटतो आणि आतील पोलादी करड्या रंगाचे बारीक बी सांडते. बियांचा हा बारीकपणा ध्यानात ठेवावा. एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार बिया भरतात.

विदर्भातील वाचकांना या कुळाची वेगळी ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. भाजीची घोळ आणि उन्हाळ्यात चवीने खाल्ली जाणारी चिवळ ही दोन्ही याच प्रजातीतील झाडे होत. घोळीचे पान चपटे व पळीच्या आकाराचे असते, तर चिनी गुलाबाचे पान सुईसारखे लांबट, गोल व रसदार असते आणि फुलाच्या बुडाशी पांढऱ्या केसांचा झुबका असतो. रोपवाटिकांत अलीकडे चपट्या पानांचा व मोठ्या एकेरी फुलांचा एक प्रकार विपुल दिसतो. तो बहुतेक वेळा पोर्तुलाका अंब्राटिकोला या भिन्न जातीचा किंवा तिच्या संकराचा असतो. त्याची निगा जवळजवळ सारखीच असली तरी त्याची अभिवृद्धी छाटांपासूनच करावी.

दुहेरी पाकळ्यांच्या फुलांचे बी पेरल्यास त्यातून एकेरी व मिश्र रंगांची रोपे निघतात. एकाच रंगाचा सलग पट्टा हवा असल्यास बियांच्या पाकिटावर विसंबू नये. निवडलेल्या मातृरोपाचे छाट घ्यावेत. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत या झाडावर किरणोत्सर्गाद्वारे उत्परिवर्तनाचे प्रयोग झाले व त्यातून नवे वाण मिळाले. असे वाण टिकवायचे तेही छाटांनीच.

हे झाड उन्हात कसे तगते

रायपूर भागात मे महिन्यात कमाल तापमान बहुधा 42 अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि अनेकदा त्याहून वर जाते. अशा वेळी झेंडू व पिटुनिया यांसारखी फुलझाडे माना टाकतात, पण चिनी गुलाब फुलत राहतो. पाने व खोड यांत पाणी साठविलेले असते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण त्याच्या अन्ननिर्मितीच्या रीतीत आहे. मका व ऊस यांच्याप्रमाणे हे झाड सी-4 पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करते, म्हणजे तीव्र उन्हात व कमी पाण्यात अधिक काम उरकते. पाणी तुटले की निवडुंग व घायपात यांच्यासारखी, रात्रीच्या वेळी कार्बन डायऑक्साइड बांधून ठेवण्याची कॅम पद्धतीही ते काही अंशी अवलंबते. घोळीच्या पानांत या दोन्ही पद्धती एकाच पेशीत परस्परांत गुंतून चालतात, हे येल विद्यापीठातील संशोधकांनी 2022 मध्ये दाखवून दिले. वनस्पतिसृष्टीत हा योग दुर्मीळ आहे.

या रचनेचा व्यावहारिक अर्थ असा की, तहानेने हे झाड सहसा मरत नाही. पाण्याच्या अतिरेकाने मरते. मुळे उथळ व तंतुमय असतात. त्यांच्याभोवती पाणी साचून हवा कोंडली की दोन-तीन दिवसांत बुडाशी कूज सुरू होते. औद्योगिक परिसरातील हिरवळ बहुधा टँकरच्या नळीने, ठरलेल्या वेळी, सर्वांना सारखेच पाणी देऊन सांभाळली जाते. चिनी गुलाबाचे वाफे अपयशी ठरतात ते प्रामुख्याने येथेच, धुळीमुळे किंवा उन्हामुळे नव्हे.

जमीन व वाफ्याची आखणी

छत्तीसगडच्या मैदानात शेतकरी जमिनीचे चार प्रकार मानतात : भाटा, मटासी, डोरसा व कन्हार. यांपैकी भाटा म्हणजे मुरमाड, तांबडी, उथळ जमीन. भातासाठी ती निकृष्ट समजली जाते, पण चिनी गुलाबाला तीच सर्वांत मानवते. भंडारा-गोंदियाकडील बरडी जमीन तिच्या जवळची म्हणता येईल. मटासी जमिनीत थोडी उंची दिली तरी काम भागते. कन्हार मात्र दोन्ही राज्यांत त्याच नावाने ओळखली जाणारी काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी माती आहे. तिच्यावर सपाट वाफ्यात हे झाड लावणे म्हणजे पावसाळ्यात ते गमावणे होय.

कन्हार व डोरसा जमिनींवर 20 ते 25 सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे करावेत. तळाशी मुरूम किंवा विटांच्या तुकड्यांचा थर द्यावा. वर दोन भाग मुरमाड किंवा तांबडी माती, एक भाग जाड वाळू आणि अर्धा भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण भरावे. वाफ्याचा माथा सपाट ठेवण्याऐवजी किंचित कासवाच्या पाठीसारखा गोलसर ठेवावा, म्हणजे पाणी दोन्ही अंगांनी निथळते. वाफ्याची रुंदी एक ते सव्वा मीटरपेक्षा जास्त नसावी, कारण या झाडाचे खोड ठिसूळ असते. तण काढताना वाफ्यात पाय ठेवावा लागला तर जितके तण निघते तितकेच झाडही मोडते.

औद्योगिक परिसरातील जमिनीबाबत आणखी एक दक्षता घ्यावी. अशा ठिकाणी अनेकदा राख, मळी किंवा कोळशाचा चुरा यांचा भराव घातलेला असतो. राखेच्या भरावाचा सामू चढा असू शकतो. म्हणून लागवडीपूर्वी मातीचा सामू व विद्युतवाहकता तपासून घ्यावी. सामू 6 ते 7.5 च्या दरम्यान असल्यास चिंता नाही. तो फार चढा आढळल्यास भरावावर थेट लागवड करू नये. बाहेरून आणलेल्या मातीचा किमान 20 सेंटिमीटर थर देऊन वाफा बांधावा. भरावाचे स्वरूप ठाऊक नसताना ‘काटक झाड आहे, कोठेही येईल’ असे गृहीत धरणे खर्चाचे ठरते.

लागवडीपूर्वी वाफा भिजवून दहा-बारा दिवस तसाच ठेवावा. या काळात गाजरगवताचे व इतर तणांचे बी उगवून येते. ते हलक्या खुरपणीने काढावे आणि शक्य असल्यास हीच क्रिया पुन्हा एकदा करावी. लव्हाळ्याच्या गाठी मात्र खणूनच काढाव्या लागतात. चिनी गुलाबाची चादर एकदा पसरल्यावर त्यातून लव्हाळा उपटणे जवळपास अशक्य असते.

छाटांपासून लागवड

निरोगी मातृरोपाचे 6 ते 8 सेंटिमीटर लांबीचे शेंडे घ्यावेत, खालच्या एक-तृतीयांश भागावरील पाने काढावीत आणि छाट एक दिवस सावलीत पसरून ठेवावेत. कापलेला भाग सुकून त्यावर पापुद्रा धरला की मगच ते ओलसर वाळूमिश्रित मातीत लावावेत. ही एक दिवसाची प्रतीक्षा टाळल्यास कुजण्याचे प्रमाण वाढते. मुळे फुटण्यासाठी संजीवकाची गरज नसते; उबदार हवेत सात ते दहा दिवसांत मुळे धरतात. सिलतरा परिसरात फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा व मार्च हा लागवडीचा उत्तम काळ होय. दुसरा हंगाम पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये मिळतो.

दोन रोपांत 20 सेंटिमीटर अंतर ठेवल्यास एका चौरस मीटरला 25 रोपे लागतात, म्हणजे 100 चौरस मीटरच्या पट्ट्याला 2,500. अशी लागवड साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांत जमीन झाकते. मागणीचा हा आकडा आसपासच्या गावांतील रोपवाटिकाधारकांनी व महिला बचत गटांनी विचारात घेण्याजोगा आहे. या झाडाला हरितगृह लागत नाही, औषधे कमी लागतात आणि छाट विकत आणावे लागत नाहीत. मात्र मातृरोपे रंगांनुसार वेगवेगळ्या वाफ्यांत ठेवून त्यांवर चिठ्ठ्या लावण्याची शिस्त पाळावी. फूल नसताना बहुतेक रंगांचे छाट सारखेच दिसतात आणि रंगांची सरमिसळ झालेला माल सुशोभीकरणाच्या कामात नाकारला जातो.

बियांपासून रोपे करावयाची असल्यास बी मातीने झाकू नये. उगवणीसाठी त्याला प्रकाश लागतो. बारीक वाळूत मिसळून ते ओलसर मातीच्या पृष्ठभागावर पसरावे, फळीने हलके दाबावे आणि झारीऐवजी फवाऱ्याने ओलावा द्यावा. 25 ते 30 अंश तापमानात एक ते दोन आठवड्यांत उगवण होते.

पाणी, खत व छाटणी

मुरमाड वाफ्यात एप्रिल-मे महिन्यांत दर दोन-तीन दिवसांनी, फेब्रुवारी-मार्चमध्ये चार-पाच दिवसांनी आणि हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी पुरते. पावसाळ्यात पाणी देऊच नये. तारखांपेक्षा झाडाकडे पाहून ठरविणे अधिक चांगले. तहानलेल्या झाडाची पाने सुरकुततात व शेंडे तांबूस होतात. पाणी मिळताच ते एका दिवसात सावरते. पाणी अधिक झालेल्या झाडाची पाने पिवळट व पाणीदार दिसतात, हात लावताच गळतात आणि खोड जमिनीलगत मऊ पडते. हे दुसरे लक्षण दिसल्यावर ‘झाड सुकले’ असे समजून आणखी पाणी दिले जाते, आणि मग वाफा हातचा जातो. माळ्यांच्या प्रशिक्षणात या दोन लक्षणांतील फरक प्रत्यक्ष झाडावर दाखवून द्यावा.

नव्या वृक्षरोपांच्या मधल्या जागेत चिनी गुलाब लावताना ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. वृक्षरोपाच्या आळ्यात भरपूर पाणी द्यावे लागते. म्हणून चिनी गुलाब आळ्याच्या आत लावू नये, आळ्याच्या कडेपासून किमान 30 सेंटिमीटर दूर व उंचावर लावावा. वृक्षांची सावली पडू लागली की त्याचे तेथील आयुष्य संपले असे समजावे. दररोज सहा तास थेट ऊन न मिळाल्यास ते लांबट होते व फुलत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याला पट्ट्याच्या उन्हाच्या कडेस हलवावे.

खताची गरज अल्प असते. लागवडीच्या वेळी दिलेले शेणखत आणि दोन महिन्यांनी चाळलेल्या गांडूळखताचा पातळ थर एवढे पुरेसे होते. युरिया देऊ नये; त्याने पाने माजतात, खोड मऊ होते व फुले घटतात. तीन-चार महिन्यांनी झाडाचा मध्यभाग उघडा पडून फक्त टोकांना पाने राहतात. अशा वेळी एक-तृतीयांश उंची कापून टाकावी व निघालेले शेंडे रिकाम्या जागी रोवावेत. साचलेली धूळ धुण्यासाठी कोरड्या महिन्यांत आठवड्यातून एकदा सकाळी लवकर बारीक फवारा मारण्यास हरकत नाही. मात्र तो दिवस पाण्याच्या पाळीचा धरून चालावे.

पावसाळा

रायपूर परिसरात वर्षाकाठी साधारण 1200 ते 1300 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. चिनी गुलाबाची खरी परीक्षा हीच. उत्तम निचऱ्याच्या भाटा जमिनीवर किंवा उंच गादीवाफ्यावर बरीच झाडे तग धरतात. इतरत्र संपूर्ण लागवड वाचविण्याचा अट्टहास करू नये. त्यापेक्षा मेअखेरीस प्रत्येक रंगाचे छाट काढून उथळ कुंड्यांत किंवा ट्रेमध्ये लावावेत आणि ते पारदर्शक छताखाली, पावसाचा मारा लागणार नाही पण उजेड भरपूर मिळेल अशा जागी ठेवावेत. छपरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेली रोपे ऑगस्टपर्यंत पांढुरकी व लांबट होतात. ऑक्टोबरच्या लागवडीसाठी लागणारे बहुतांश छाट या जपलेल्या रोपांतूनच मिळतात.

वाफ्यात राहिलेली झाडे ढगाळ दिवसांत फुलत नाहीत. हा रोग नव्हे. कळी उमलण्यासाठी तिला लख्ख ऊन लागते. एरवी फूल सकाळी आठ-नऊच्या सुमारास उमलते आणि दुपारनंतर मिटते. कडक उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. दुपारी दोनच्या पाळीला येणाऱ्या कामगाराला प्रवेशद्वाराशी फुले दिसतच नाहीत, ही या झाडाची मर्यादा आराखडा करतानाच सांगून टाकलेली बरी. दुसरीकडे, धुळीच्या प्रदेशात रोज नवे फूल उमलणे हा गुणही आहे. कालच्या फुलावर बसलेली काजळी आजच्या फुलावर नसते.

रोग व किडी

बुडकूज व मूळकूज हाच मुख्य रोग. बाधित झाड भोवतालच्या मातीसह उचलून नष्ट करावे आणि त्या जागी आठवडाभर पाणी देऊ नये. प्रतिबंध म्हणून 100 किलो चाळलेल्या शेणखतात 1 किलो ट्रायकोडर्मा मिसळून ते लागवडीपूर्वी वाफ्यात द्यावे. दमट हवेत पानांवर पांढऱ्या पुळ्या दिसल्यास तो पांढरा तांबेरा होय. तो घोळीवरही येतो, म्हणून वाफ्याभोवती तण म्हणून उगवलेली घोळ काढून टाकावी. मावा व पिठ्या ढेकूण यांच्यासाठी 5 टक्के निंबोळी अर्क पुरतो. माठ-राजगिऱ्यावर पाने गुंडाळणारी हिरवी अळी पावसाळ्यात येथेही येऊ शकते. ती वेचून काढावी. कोणतीही फवारणी सायंकाळी करावी. तोवर फुले मिटलेली असतात आणि मधमाश्या परतलेल्या असतात. एकेरी फुलांवर सकाळी मधमाश्यांची चांगली वर्दळ असते. माशीचा स्पर्श होताच या फुलातील पुंकेसर तिच्या दिशेने वळतात. कृषी विद्यार्थ्यांना हे काडीच्या टोकाने सहज दाखविता येते.

खाण्यास मनाई

छत्तीसगडात पालेभाज्यांची परंपरा समृद्ध आहे व ‘छत्तीस भाजी’ हा शब्द तेथे रूढ आहे. विदर्भातही घोळ व चिवळ घरोघरी शिजते. त्यामुळे वाफ्यात तण काढणाऱ्या स्त्रिया तेथे उगवलेली घोळ भाजीसाठी घरी नेण्याची शक्यता असते. घोळीसारख्या वनस्पती जमिनीतील जड धातू शोषून पानांत साठवू शकतात, असे प्रयोगांत आढळले आहे. शिवाय पानांवर बसलेली खनिजाची धूळ साध्या धुण्याने पूर्णपणे जाईलच असे नाही. कारखान्यांच्या आवारातील व महामार्गालगतच्या वाफ्यांतील घोळ, चिवळ किंवा चिनी गुलाब यांचा कोणताही भाग खाण्यासाठी वापरू नये, हे कामावर रुजू होतानाच सांगावे. छाटणीतून निघालेला पाला शेळ्या-गुरांनाही घालू नये. त्यात ऑक्झॅलेटचे प्रमाण बरेच असते. पुन्हा लावण्यास उपयोगी पडणारे शेंडे वेगळे काढून उरलेला पाला आवारातच खड्ड्यात कुजवावा आणि ते खत केवळ शोभेच्या झाडांना द्यावे. परसबागेसाठी घोळ हवी असल्यास तिचे बी अशा वाफ्यातून न घेता औद्योगिक क्षेत्रापासून दूरच्या शेतातून घ्यावे.